रडणारी लिंबोणी

"रडली! बघा, पुन्हा रडली!" शेजारच्या शिवणवाल्या काकू ओरडल्या आणि आमच्या एवढ्याशा अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणी वाटी धरलेली, कुणी ओंजळ. लिंबोणीच्या पानांवरून चिकट थेंब ओघळत होते. मधूनच कापसाच्या तंतूसारखं पांढरं काहीतरी तरंगत खाली येत होतं. झाडाखाली आमचीच खुर्ची टाकून कालच वस्तीत आलेले साधूबाबा बसले होते.

"ज्या घरावर संकट, त्या घरचं झाड रडतं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आपण पामर खाली रडतो, ते वर रडतं. पण हे अश्रू नव्हेत, माउली. हे अमृत!"

"मग संकट टळल्यावर झाड हसतं का हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"हसतं! ऐकायला तसे कान लागतात."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या कानांना फक्त बाळाचं क्षीण कण्हणं ऐकू येत होतं.

बाळाला कालपासून जुलाब होत होते. डॉक्टरीणबाईंनी जलसंजीवनी चमच्याचमच्यानं सतत पाजायला सांगितली होती. बाबांचा हुकूम उलटा: संध्याकाळपर्यंत पाणी बंद, फक्त झाडाचे थेंब चाटवायचे. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या.

"आई, त्याची जीभ कोरडी पडलीय. टाळू बघा किती खोल गेलीय. द्या माझ्याकडे."

"अगं, तुझ्या पाण्यानं थांबलं का काही? जरा धीर धर. मी काय त्याची वैरीण आहे?"

वैरीण नव्हत्या, तेच अवघड होतं. त्याची दुपटी त्यांनीच धुतली होती. मी बाळाला ओढून घ्यायला वाकले तर काकूंनी माझं मनगट धरलं. "सूनबाई, आता मधेच खोडा घालू नकोस." नवरा कामावरून फोनवर म्हणाला, "आईचं मन राख ना. संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे." पण बाळ आता रडायचंही थांबलं होतं.

काकूंनी धरलेला हात सोडवला तेव्हा त्यावर एक थेंब पडला. पाठोपाठ काहीतरी टुणकन उडी मारून बाहीवर बसलं. तुडतुडा! तुडतुडे झाडाचा रस पितात आणि साखरपाणी टाकतात, हे मला ठाऊक होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी त्यांचंच वर्गीकरण केलं होतं. पण तेवढं सांगून भागणार नव्हतं. 'किड्यांतूनही देव पाझरतो' म्हणून बाबा मोकळे झाले असते.

मी आतून भिंग आणलं. त्याच्या मिशा डोळ्यांच्या मधे नव्हत्या, डोळ्यांखाली होत्या. म्हणजे पानांवर नेहमी दिसणारा तुडतुडा हा नव्हे, हा दुसऱ्या गटातला. कपाळावर तीन उभे कंगोरे, पंखांच्या कडेला शिरांची जाळी. कूळ लागलं, मग प्रजातीही लागली, आणि मी चमकले. ही प्रजाती ओढ्याकाठच्या एका वेलीवर जगते. लिंबोणीचा रस तिला चालतच नाही. मग न बोलावता ही वऱ्हाडी मंडळी आमच्या अंगणात उतरली कशी?

मी स्टूल ओढलं आणि चढले.

"बाई, झाडाला हात लावू नका! कोप होईल!" इतका वेळ संथ वाहणारा बाबांचा आवाज चिरकला.

काट्यांनी हात फाटले. दाट पानांच्या आत तारेनं बांधलेली औषधाची छोटी बाटली हाताला लागली. तिच्यात पाणी, आणि पाण्यात खोवलेला वेलीचा जाडजूड शेंडा. त्यावर तुडतुड्यांची ही दाटी! पिल्लांच्या पाठीमागे मेणाचे पांढरे झुपके.

मी बाटली काकूंच्या हातात दिली. "ही लिंबोणी आहे का, काकू?"

"छे गं. ही तर वेल."

"लिंबोणीला बाटल्या कधीपासून धरायला लागल्या?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"काल जागा शुद्ध करायची म्हणून झाडापाशी एकटेच बसला होतात ना?" मी बाबांना विचारलं.

"ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा होती!" बाबा उठले. "नापास झालात सगळे!"

हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. "मग मी सकाळपासून याला काय चाटवलं गं?"

मला सांगवेना. पण सांगितलं. "किड्यांची शी, आई."

त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं आणि जलसंजीवनीचं भांडं आणायला धावल्या. रिक्षात मी त्याला धरलं होतं, त्या चमच्यानं थेंब थेंब ओठांत सोडत होत्या. दवाखान्यात सलाईन लागलं. "अजून उशीर केला असता तर..." डॉक्टरीणबाई एवढंच बोलल्या. बऱ्याच वेळानं बाळानं डोळे उघडले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या.

बाबांना कुणी अडवलं नाही. चार-पाच जण तर वाट्या घेऊन त्यांच्यामागून गेले. आता पलीकडच्या वस्तीत कुणाचं तरी डाळिंबाचं झाड रडतंय म्हणे. त्या घरातही कुणी आजारी असणार. म्हणून हे लिहिते आहे. झाड रडू लागलं तर वाटी धरण्याआधी फांद्या बाजूला सारून बघा. कळलं नाही तर जाणत्याला विचारा, विचारण्यात कसली लाज? आणि काहीही झालं तरी, कुणाच्याही सांगण्यावरून, तहानलेल्या लेकराचं पाणी तोडू नका.