मागची जाळी

इलियासने बाकाखालची फळी काढली, पोटावर सरकत आत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाला, "करा चालू, ताई."

कावेरीने खटका दाबला. गाडीच्या पाठीमागे बसवलेला जनरेटर घरघरला आणि छताच्या झरोक्यातून वारा आला. तिने थर्मामीटर झरोक्यापाशी धरला. पारा उतरत गेला, थांबला, पुन्हा थोडा उतरला.

"येतंय की गार," इलियास बाहेर येत म्हणाला. त्याच्या भुवयांवर धूळ बसली होती. "अंगणात हिला कायबी हुत न्हाई. रस्त्याला लागली की नखरे."

गाडी कावेरीच्या नवऱ्याने, मृत्युंजयने, पुण्याहून पाठवली होती. नव्या कारखान्यांत येणाऱ्या परदेशी इंजिनिअरांसाठी त्याच्या कंपनीने अशा दोन बांधून घेतल्या होत्या. मिनीबसच्या सांगाड्यावर एक खोलीच उभी केलेली: दोन बाक, भांडी धुवायची मोरी, एसी आणि हिवाळ्यासाठी हीटर. केजमध्ये तिच्या वडिलांच्या, शंकरप्पांच्या, कापडदुकानामागच्या अंगणात ती येऊन उभी राहिली तेव्हा शेजारची माणसं आत डोकावून गेली आणि तिला घरगाडी म्हणू लागली. आल्या दिवशी तर तिच्यातून गरम हवाच येत होती. हीटर चालू-बंद करणारा रिले चिकटून बसला होता. तो इलियासने लगेच शोधला. दुकानांतले फ्रीज दुरुस्त करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. पण त्यानंतरचं दुखणं त्याच्या हाती लागत नव्हतं.

कावेरीला सोमवारी पुण्याच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं. रजा दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा साहेब नुसतं "बघा" म्हणाले होते. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं, आता कुठे अंग धरू लागलेलं. मे महिन्यातल्या उन्हात त्याला साध्या गाडीने नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे ही गाडी गार राहिली तर नोकरी राहणार होती.

ती खोलीत जाऊन बाळाचे कपडे पुन्हा घडी करी, पुन्हा अंगणात येई, थर्मामीटर बघे. शंकरप्पांनी तिला दोनदा बस म्हणून सांगितलं. ती बसली आणि उठली.

धारूर रस्त्याला दोन फेऱ्या मारून झाल्या होत्या. दोन्ही वेळा सारखंच. सुरुवातीला गार हवा जोरात येई, मग तिचा जोर कमी कमी होई, आणि शेवटी झरोक्याला हात लावला तरी काही कळत नसे. परत आणून इलियास एसीचं झाकण उघडी तोवर आत नुसतं पाणी ठिबकत असे.

फेरीला कावेरीची आई, सरस्वतीबाई, सोबत असत. बाळाला न्यायच्या आधी गाडी पारखायची, हे त्यांचंच म्हणणं. एक उशी बाळाच्या दुपट्यात गुंडाळून त्या मागच्या बाकावर बसत आणि पडदा ओढून घेत. कावेरी पुढे, इलियासच्या शेजारी.

"मावशी, उशी रडली का वो?" इलियास विचारी.

"तुझ्यापरीस गुणाची हाय. गप गाडी चालव."

या बाळाला सरस्वतीबाईंनीच जगवलं, असं घरात सगळे म्हणत. सुरुवातीचे कितीतरी दिवस त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपल्या होत्या, उघड्या छातीवर बाळ, वरून लुगड्याचा पदर. बाळंतिणीच्या खोलीतली प्रत्येक फट त्यांनी चिंध्यांनी बुजवली होती. खिडकीची, दाराखालची, अगदी कुलपाच्या भोकाचीसुद्धा. वारं लागू नये म्हणून. कावेरीने हवा खेळती असावी असं एकदा सांगून पाहिलं होतं. मग सोडून दिलं होतं.

त्या दुपारी इलियास हात पुसत पायरीवर बसला.

"गॅस बरोबर हाय. पंखा बरोबर. पाणी ठिबकतंय, म्हंजे आत बर्फ धरतोय. खोलीतली हवा मागनं आत वढली जाती, गार होऊन वरनं येती. वढायलाच हवा मिळंना झाली तर बर्फच धरनार. पण मिळंना कावून? जाळी तर मी पयल्याच दिवशी साफ केली."

सरस्वतीबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

कावेरी गाडीत चढली. मागच्या बाकावर उशी अजून दुपट्यात होती. बाकाच्या पाठीशी, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या जरा खाली, ती जाळी होती. तिने हात लावला. हाताला कापड लागलं. जुन्या लुगड्याचे चार पदर एकावर एक घालून शिवलेली पट्टी, जाळीच्या मापाची, कडेला बारीक धावदोरा. बाकावरच्या गादीची खोळही त्याच रंगाची होती, म्हणून चटकन दिसत नव्हती.

ती पट्टी घेऊन खाली उतरली.

"बाळाच्या पाठीशी वारं यीत हुतं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मी बुजवलं."

इलियासने पट्टीकडे बघितलं आणि मोठ्याने हसला. मग एकदम थांबला, कारण दुसरं कुणी हसलं नव्हतं. कावेरीने आईला पुन्हा सगळं नीट सांगितलं. तिथून वारा येत नाही, जातो. तो अडवला तर गाडी तापते. सरस्वतीबाईंनी मान हलवली.

संध्याकाळच्या फेरीत गाडी धारूरचा घाट दिसेपर्यंत गार राहिली आणि तशीच परत आली. उतरल्यावर सरस्वतीबाईंनी उशीचं दुपटं सोडलं, झटकून घडी केलं आणि आत गेल्या.

पहाटे निघायचं ठरलं होतं, पण पूजा, नारळ, शेजारणींचं बाळाला बघणं यात उन्हं वर आली. शंकरप्पांनी एक अट घातली होती. आई मांजरसुंब्यापर्यंत सोबत जाईल. तिथवर गाडी गार राहिली तर पुढे जा, नाहीतर तिथूनच फिरा. पुण्याला चला, असं कावेरीने आईला बऱ्याचदा म्हटलं होतं. जावयाच्या घरी राहायचं सरस्वतीबाईंच्या मनाला येत नव्हतं. त्या तिथून एसटीने परतणार होत्या.

या वेळी कावेरी पडद्यामागेच बसली, समोरच्या बाकावर. बाळ सरस्वतीबाईंच्या मांडीवर होतं. थर्मामीटर खिळ्याला टांगलेला. मस्साजोग गेलं. ती पाऱ्याकडे बघत होती, मग रस्त्याकडे, मग पुन्हा पाऱ्याकडे. सगळं ठीक होतं. तिने पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

नेकनूर मागे पडलं तेव्हा तिला कानाशी काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. तिने हात वर केला. वारा होता, पण क्षीण. पारा दोन रेघा वर चढला होता.

तिने जाळीकडे पाहिलं. जाळी दिसत नव्हती. सरस्वतीबाई अगदी ताठ, मागे टेकून बसल्या होत्या. पाठीमागे पदर पसरलेला.

पारा आणखी चढला. बाळाने ओठ हलवले आणि डोकं वळवलं.

"ताई," इलियासने पुढून विचारलं, "हवा कमी झालीया वाटतं. फिरवू का? अप्पांनी सांगितलंय."

कावेरी आईकडे बघत राहिली. सरस्वतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बाभळी, एक कोरडा ओढा, पुन्हा बाभळी. त्यांच्या ओठावर घाम आला होता.

"काय करू, आई?" कावेरीने हळू विचारलं.

सरस्वतीबाईंनी बाळाच्या कपाळावरून अंगठा फिरवला. तो ओला झाला. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं.

मग त्या बाकावर पुढे सरकून बसल्या, अगदी काठावर.

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "कावून फिरवायचं?"

कावेरीने पडदा बाजूला केला. "इलियासभाई, कूलिंग बंद करा, नुसता पंखा राहू द्या. बर्फ वितळला की परत लावा." बाळाला तिने आपल्याकडे घेतलं नाही. बाकावर पडलेल्या पुठ्ठ्याच्या वहीने ती त्याला वारा घालत राहिली.

मांजरसुंब्याला गाडी थांबली तोवर आत पुन्हा गार झालं होतं. इलियास एसटी बघायला गेला. सरस्वतीबाईंनी बाळाला लेकीच्या हातात दिलं, दुपट्याचं टोक त्याच्या कानावरून घेतलं आणि पायरीवरून खाली उतरल्या. त्यांची पाठ कावेरीकडे झाली.

पांढरट पातळावर, खांद्यांच्या जरा खाली, जाळीच्या धुळीचे आडवे पट्टे उमटले होते. एकाखाली एक, सरळ.

"आई, थांब," कावेरी म्हणाली.

बाळाला एका हातावर घेऊन ती खाली उतरली आणि मोकळ्या हाताने आईची पाठ झटकू लागली. सरस्वतीबाई वळल्या नाहीत. समोर इलियास हात करून एसटी थांबवत होता. एक पट्टा जाईना, तेव्हा कावेरीने बोट ओलं करून तो पुसला.