रूबेन हाल्मेचा उजवा हात

लाल धागा. धनुष्याच्या दोरीच्या मधोमध, बाण जिथे बसतो तिथे, वेनोमामांनी त्याचे सात-आठ वेढे घट्ट गुंडाळले होते आणि शेवटचं टोक कुठे खोचलंय ते शोधूनही सापडत नव्हतं. रूबेन अंगठ्याच्या नखानं ते चाचपत राहिला — जमिनीपासून पंधरा फुटांवर, मेपलच्या बुंध्याला बांधलेल्या मचाणावर, उजाडून तास होत आला तरी रानात अजून एक खारसुद्धा हललेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ह्याच मचाणावर, त्याच्या चाकांच्या धनुष्याच्या दोरीत जरा वर, डोळ्यासमोर येईल असं एक बारीक गोल छिद्र असायचं. त्यातून बघायचं, धनुष्याला लावलेला पुढचा हिरवा ठिपका हरणाच्या खांद्यामागे टेकवायचा, आणि मग... आता नुसती दोरी. बघायचं कुठून, हेच पहिले दोन महिने त्याला कळत नव्हतं.

“कुठूनही बघू नकोस,” वेनोमामा म्हणाले होते. त्याच्या बायकोचे, लॉरेटाचे, हे मामा ऐंशी ओलांडलेले, सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात उघड्या डोक्यानं हिंडणारे, आणि अख्ख्या तालुक्यात हिकरीच्या लाकडाची साधी धनुष्यं घडवणारे एकटेच उरलेले. “कुत्र्याला दगड मारताना काय भिंग लावतोस? चाकं, कप्प्या, ठिपके, दिवे! तुझ्या त्या यंत्राला कॉफी तेवढी करता येत नाही, बाकी सगळं येतं. तुझी गरज काय होती रे त्याला?”

मामा स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले होते. रूबेनही हसला होता, पण तोंडदेखलं. कारण गरज नव्हतीच. बाण सुटत होता, तो त्याच्याशिवाय.

तिरंदाजांत ह्या दुखण्याला नाव आहे, पण ते कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. उच्चारलं तर ऐकणाऱ्यालाही लागतं म्हणतात. मामा नुसतं ‘ते’ म्हणत. “तुला ‘ते’ लागलंय.” ठिपका लक्ष्यावर टेकायच्या आतच हात बाण सोडून देतो. टेकला की सोडायचा, हे हजारदा केल्यावर हाताला वाटू लागतं की टेकण्याचीही वाट कशाला बघायची. आधी केसभर घाई, मग वीतभर, मग ठिपका लक्ष्याच्या आसपास फिरकला तरी पुरे. ‘थांब’ म्हणावं तर त्या ‘थांब’नंच बोट दचकतं. हा माणूस सुतार, तीस वर्षं करवत धरणारा, एका रेघेचा फरक न करणारा. आणि त्याला स्वतःच्या उजव्या हाताकडे जेवताना चोरून बघण्याची सवय लागली होती. हात चमचा उचलत होता. मीठ घेत होता. अगदी शहाण्यासारखा.

आणि मग तो गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातला दिवस... नको. पण मचाणावर माणूस करणार काय? नको म्हटलेलंच येतं.

परसात गवताच्या गठ्ठ्यावर सराव चालला होता. दोरी पूर्ण ताणलेली. लॉरेटा कोठाराच्या कोपऱ्यावरून कपड्यांची टोपली घेऊन आली आणि वाळवणाच्या दोरीवर चादर टाकू लागली, गठ्ठ्याच्या अगदी रेषेत. तिला वाटलं, याचं आटोपलंय. रूबेननं तिला पाहिलं. स्पष्ट पाहिलं. ‘नको’ म्हणाला, मनातल्या मनात पण शब्दात, आणि दोरी सावकाश पुढे आणू लागला — आणि बोटानं बाण सोडायची कळ दाबली. बाण चादरीतून गेला. तिच्या मानेपासून एक वीत, फार तर.

लॉरेटानं चादरीला पडलेल्या भोकातून बोट घातलं, हलवून दाखवलं. “नवी होती रे,” ती म्हणाली. मग तिचे ओठ पांढरे पडले आणि ती टोपलीवरच बसली.

“कळ बिघडली,” तो म्हणाला. “आपोआप सुटली. साली पितळेची कळ... ” ती कळ त्यानं तिच्यादेखत हातोड्यानं ठेचली. चाकांचं धनुष्य पुढच्याच आठवड्यात विकून टाकलं आणि मामांच्या दारात जाऊन उभा राहिला. गावाला वाटलं, बायकोवरच्या प्रेमापोटी रूबेन म्हाताऱ्यांच्या वळणावर गेला. लॉरेटालाही तेच वाटलं. वर्षभर ती त्याच्याशी जरा जास्तच मऊ वागत आली होती, आणि ते त्याला घशात अडकलेल्या काट्यासारखं सलत होतं.

मामांनी वर्षभर त्याला गठ्ठ्यापासून तीन पावलांवर उभं केलं, डोळे मिटून. लक्ष्य नाही, नेम नाही, नुसती दोरी ओढायची आणि सोडायची. “हाताची ओळख करून घे. नव्या नवरीसारखी हळूहळू,” मामा म्हणायचे. “तू कशाला हुकूम देतोस? तू सांगायचा थांबलास की तो ऐकेल.” आणि खरंच, पानगळ सुरू झाल्यापासून एकही बाण आगाऊ सुटला नव्हता. पण तो गवताचा गठ्ठा. गवताला मान नसते.

आज पहाटे लॉरेटानं वेलदोड्याचा पाव कापडात बांधून दिला आणि दारात म्हणाली, “दुपारी चादरी धुणार आहे. तू तुझा सराव कर खुशाल, मी माझं वाळत घालेन. किती दिवस एकमेकांना चुकवून फिरायचं, रूबेन? मला भीती नाही वाटत.”

“बघू,” तो म्हणाला.

बघू म्हणजे काय, ते त्याचं त्यानं वाटेत ठरवलं. आज हरीण समोर आलं आणि हात आपल्या सांगण्यात राहिला, तर दुपारी परसात उभं राहायचं. नाही राहिला, तर धनुष्य मामांच्या दारात ठेवायचं, लॉरेटाला खरं सांगायचं आणि पुन्हा कधी दोरीला हात लावायचा नाही. सरळ सौदा. इतका सरळ की त्याला स्वतःलाच बरं वाटलं होतं.

पानं वाजली नाहीत. ती एकदम तिथे होती — हरिणी, एकटी, स्प्रूसच्या झाडांच्या काळोखातून अर्धी बाहेर. मग चार पावलं. मग बर्चच्या जाड खोडामागे तिचं डोकं गेलं, आणि रूबेननं धनुष्य ताणलं.

ताणल्याक्षणी त्याला चूक कळली. ही जुनी सवय होती. चाकांच्या धनुष्यात असंच करतात: हरणाचे डोळे झाडाआड गेले की ओढून ठेवायचं, पुढचा भार कप्प्या पेलतात, माणूस मिनिटभर आरामात वाट बघू शकतो. ह्या लाकडाला कप्प्या नव्हत्या. पन्नास पौंड तीन बोटांवर लटकले होते, आणि हरिणी बर्चच्या मागे थांबली होती.

एक. दोन. तीन... तिचं शेपूट हललं. खांदा कापू लागला. अशा वेळी तो सुटायचा, नेहमी अशाच वेळी. रूबेन हाताची वाट बघत होता. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा श्वास ऐकावा तसा. नऊ. दहा. रान इतकं गप्प की आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं त्याला वाटलं, आणि ते हरिणीचे डोळे नव्हते.

ती बाहेर आली. दहा पावलांवर, पूर्ण आडवी, पाय पुढे टाकलेला, फासळ्या उघड्या. असा नेम देवाघरून येतो. ‘आता,’ तो म्हणाला. स्पष्ट शब्दात, पूर्ण मनानं. ‘आता सोड.’

आणि हात पुढे आला. सावकाश, न कापता, झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवावं तशी त्यानं दोरी जागेवर आणून ठेवली. लाकूड करकरलंसुद्धा नाही. हरिणीनं ओल्या पानांतून काहीतरी हुंगलं, दोन पावलं चालली आणि खाली सीडरच्या दलदलीकडे निघून गेली.

रूबेनला आधी हसू आलं. सुटला नाही! बारा-पंधरा श्वास ताणून धरला, आणि सुटला नाही. मामांना सांगावं, ते टोपीशिवायच्या डोक्यावर हात मारतील. लॉरेटाला सांगावं... डोळे भरून आले त्याचे. त्यानं पावाचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

पण मी ‘सोड’ म्हणालो होतो.

पाव तोंडात तसाच राहिला. मी ‘नको’ म्हणालो तेव्हा ह्यानं सोडला, ‘सोड’ म्हणालो तेव्हा नाही. म्हणजे हा ऐकतच नाही? छे. इतक्या हळुवारपणे कुणी नकार देत नाही. तो ऐकत होता. मला ती हरिणी मारायची नव्हती. खरं तर कित्येक वर्षांत कुठलंच हरीण मारायचं नव्हतं. गावात बाकीचे जातात म्हणून मी जात होतो. हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. वरचे शब्द सोडून हा हात खालचं काहीतरी ऐकतो...

तर मग सप्टेंबरात त्यानं काय ऐकलं?

आणि वर्षभरात कधी न आठवलेली त्या दिवसाची सकाळ अलगद येऊन समोर बसली. लॉरेटा शेगडीपाशी, पाठमोरी, डुलुथला राहणाऱ्या बहिणीशी फोनवर बोलत होती. “अगं, त्याचं काय, तो त्या मचाणावरच म्हातारा होणार,” असं म्हणून हसत होती. केस वर बांधलेले. तो कप घेऊन दारात उभा होता, तिच्या मानेकडे बघत. आणि त्याला वाटलं होतं, घर किती शांत होईल. एवढंच. राग नव्हता, काही नव्हतं. मग त्यानं कॉफी संपवली, कप विसळला आणि सरावाला परसात गेला.

ऊन वर आलं. उतरायची वेळ कधीच टळून गेली होती. रूबेन उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसला होता. दोन वर्षं तो देवाकडे एकच मागणं मागत आला होता: हा हात माझा असू दे. आता ओठ हलत होते तेव्हा तो नेमकं उलटं मागत होता.