सांगून जा

"त्याला जरा खेळण्यात गुंतवा, तेवढ्यात मी सटकते," बाळाची आई दारातच कुजबुजली.

"सटकायचं नाही," पाळणाघरातली मावशी म्हणाली. "तोंडावर सांगून जा त्याला."

सांगितलं. पोरानं पाळणाघर डोक्यावर घेतलं. मालकीणबाई आतून ओरडल्या, "अहो मावशी, रोज सकाळी हा तमाशा कशाला? बाकी ठिकाणी चिमणी दाखवतात नि आया निघून जातात!"

मावशीनं ऐकून सोडून दिलं. तिला कुणी चिमणी दाखवली नव्हती, कंगवा आणायला पाठवलं होतं. चार वर्षांची होती. मामाच्या दारात आई म्हणाली, "आत जा, माझा कंगवा आण." ती कंगवा घेऊन बाहेर आली, तर दारात कुणीच नव्हतं. आईनं दुसरं लग्न केलं, हे मामीनं पुढे कधीतरी भांडी घासता घासता सांगितलं. मामीनं खाण्यापिण्याला कमी केलं नाही. पोर दारापासून हलत नाही, याचा मात्र तिला फार वैताग यायचा.

ती खोड काही गेली नाही. नवरा कोपऱ्यावर सिगारेट आणायला निघाला तरी हिची उलटतपासणी. कुठे, किती वेळ, नक्की ना? बिचारा आधी हसायचा, मग चिडायला लागला, आणि एक दिवस बॅग भरून समोर उभा राहिला. "जातोय. परत येणार नाही. झालं समाधान?" लोकांनी त्याला नावं ठेवली. मावशीनं कधी ठेवली नाहीत. सांगून गेला होता ना!

राहिली मुलगी. तिचं सगळं बालपण आईच्या घामेजल्या मुठीत गेलं. शाळेची सहल निघाली तरी बसच्या खिडकीशी रडारड, आणि रडणारी आई. आज ती लांबच्या शहरात नोकरीला निघाली होती. मावशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. लेकीनं दारात उभं राहून "येते" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"आई, आज रडायचं नाही हं. मला सोसत नाही ते."

"नाही रडत. पण सांगून जा."

"आता सांगतेच आहे की."

"असं नाही. निघताना सांग. दारातून."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिनं चपला घातल्या, बॅग खांद्याला लावली, आईच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि तिचा धीरच सुटला.

"आई, चार्जर आतच राहिला बघ. आणतेस?"

चार्जर बॅगेत होता. सकाळी मावशीनंच वायर गुंडाळून तो आत ठेवला होता. तसं म्हणायला तोंड उघडलंही तिनं.

"आणते," ती म्हणाली आणि आत गेली.

आत पलंगापाशी ती नुसती उभी राहिली. जिन्यावर चपला वाजल्या. गाडीचं दार लागलं. गाडी निघून गेली तरी ती बाहेर आली नाही.

"सापडत नाहीये गं," ती आतूनच मोठ्यानं म्हणाली.