ताटाची खिडकी

बाबांच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप तिने रुमालाने टिपलं आणि पुन्हा पेन उचललं.

"हं. कप्तान यानातल्या भिंतीपाशी येतो."

"येतो, बटण दाबतो. झडप वर जाते. गरम ताट बाहेर येतं," बाबा म्हणाले. "पुढचं नव्या परिच्छेदात घे."

बाबांची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते सांगत आणि ती लिहून घेई. हे बारावं पुस्तक, आणि शेवटचं. डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं, पण एकेक औषध बंद करत आणलं होतं, त्यावरून काय ते दोघांनाही कळलं होतं. आईला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी बाबांनी आपणहून शब्द दिला होता, या पुस्तकात तुझी आई असेल म्हणून. तेवढ्या शब्दावर तिने ऑफिसातून लांबची रजा काढली होती. आज शेवटचं प्रकरण चालू होतं आणि आईचा अजून पत्ता नव्हता.

तशी बाबांच्या पुस्तकांतल्या आकाशात बायकांची वानवाच. अकरा पुस्तकांत मोजून तीन. एक निळ्या कातडीची राणी, एक गोड आवाजाचं यंत्र आणि एक शास्त्रज्ञ, जी दुसऱ्याच प्रकरणात कप्तानाच्या प्रेमात पडून सगळं शास्त्र विसरते. माणसं दुसऱ्या सूर्यापर्यंत जाऊन पोचली होती, पण धुतलेले कपडे आपोआप कपाटात येत होते आणि जेवण भिंतीतून. वाचकांनाही त्यात कधी काही खटकलं नाही. त्यांच्याही घरी ते तसंच येत असणार.

तिने पेन खाली ठेवलं.

"बाबा, आई कधी येणार?"

"आहे की."

"कुठे?"

"पहिल्या पानापासून आहे. ताट कुठून येतं मग?" बाबा म्हणाले, आणि हसले. हे तिच्या लक्षात कसं आलं नाही, याची त्यांना गंमत वाटत होती.

तिला आधी कळलंच नाही. मग तिची नजर समोरच्या भिंतीकडे गेली. टेबलाला लागूनच ती खिडकी होती, दोन हात रुंद, लाकडी झडपेची, आणि पलीकडे स्वयंपाकघर. बाबा लहानाचे मोठे याच टेबलावर झाले. ताटं या खिडकीतून येत, आधी त्यांच्या आईच्या हातून, मग तिच्या आईच्या.

तिला राग आला. आई माणूस होती, भिंत नव्हती, असं काहीबाही ती बोलून गेली. शेवटी तिने एवढंच मागितलं, की कप्तानाला एकदा तरी आत डोकावू द्या.

बाबा विचारात पडले. त्यांनी डोळे मिटले, उघडले.

"डोकावेल. पण त्याला दिसेल काय? मला आतलं काहीच आठवत नाही गं. तू सांग, तू तर घरातच असायचीस."

नऊ वर्षांची असताना ती याच खुर्चीवर उभी राहायची, डोक्यावर चाळणी घालून. ती कप्तान असायची. चमच्याने झडप ठोकून जेवण मागवायची. झडप उघडायची, मनगटावर भाजल्याचा डाग असलेला हात ताट पुढे सरकवायचा, आणि ती लगेच झडप खाली ओढायची, कारण बाबांच्या यानात झडप लगेच बंद होत असे. मुलीने कप्तान व्हायचं नाही, असं तिला या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. याचा तिला आजवर अभिमान होता. आता मात्र लाज वाटली, कारण तिलाही आठवत होता तो फक्त हात.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. खिडकीखालची फरशी एका जागी झिजून गुळगुळीत झाली होती. तिथे उभं राहून तिने झडप उचलली. स्वयंपाकघराची जमीन एक पायरी उंच, त्यामुळे खिडकी तिच्या कमरेशी येत होती. टेबलाची कड दिसली, सुपाची वाटी दिसली. समोर बसलेल्याचा चेहरा बघायचा तर वाकावं लागलं असतं, आणि हातात भरलेलं ताट घेऊन कुणी वाकत नाही. आई चाळीस वर्षं इथे उभी होती.

झडपेचा आवाज ऐकून बाबांचा हात सवयीने पुढे आला, तळवा वर करून. डोळे गेले तरी जागा चुकली नव्हती.

"काय दिसतं?" बाहेरून त्यांनी विचारलं.

"तुमचा हात."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

हात थोडा वेळ तसाच उघडा राहिला. मग बाबांनी तो हळूच मांडीवर घेतला, आणि खिडकीतून नुसतं टेबल दिसत राहिलं.