जमीदचं अर्धं उत्तर

गुरुवारी सकाळपासून रुदैनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. गच्चीवर जमीदचे गोळे वाळत पडले होते. मेंढीच्या दुधाचं ताक आटवून, गाळून, त्यात मीठ मळून केलेले ते पांढरेशुभ्र गोळे सावलीत उलटवत बसायचं सोडून ती दर दोन मिनिटांनी खिशातला फोन काढून आकडा बघत होती. एकेचाळीस. पुन्हा बघितलं, तरी एकेचाळीसच.

शुक्रवारच्या नमाजानंतर अम्मानचा व्यापारी येणार होता. त्याला हंगामाचा सगळा माल हवा होता, पण स्वतःच्या पिशवीत आणि स्वतःच्या नावाने. रुदैनाची सासू हाजा फिद्दा चाळीस वर्षं जमीद करत होती. आमच्या करक गावात लग्न ठरलं की लोक आधी तिच्याकडे जमीद सांगून ठेवत आणि मग मांडववाला बघत. ते नाव आता कुणाच्या तरी पिशवीत गडप होणार, या विचाराने रुदैनाला अन्न गोड लागत नव्हतं. म्हणून तिने नवऱ्याशी भांडून वेबसाईट काढली होती. नायेलने अट घातली होती की एका दिवसात शंभर माणसं तरी तुझ्या साईटवर येऊ देत, मग व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावतो; नाही आली तर तू गप्प बसायचंस. मुदत गुरुवारपर्यंतची. बोलायला काय जातं त्याचं! शंभर माणसं आणायची कुठून?

वाट दाखवली तिच्या बहिणीने, शझाने. अरबीत प्रश्नोत्तरांची एक मोठी साईट आहे, जगभरची आपली माणसं तिथे काहीबाही विचारत असतात, त्यांना उत्तरं दे आणि खाली आपली लिंक लाव, म्हणाली. रुदैनाने महिनाभर तेच केलं. दुपारी हाजाच्या पायाशी बसून ती प्रश्न वाचायची आणि हाजा उत्तर सांगायची. जमीद किती वेळ भिजवायचा, कढ का फुटतो, मीठ जास्त झालं तर काय करायचं. हाजाला अक्षरओळख नव्हती, पण प्रश्न ऐकूनच त्या घरच्या चुलीचा जाळ केवढा आहे ते ती ओळखायची. लोक भरभरून दुवा देत होते, साईटवर मात्र चिटपाखरू फिरकत नव्हतं.

शझा फोनवर हसली. "अगं वेडाबाई, उंबऱ्यावरच पोटभर वाढल्यावर आत कोण येणार? अर्धं सांग. उरलेलं साईटवर ठेव."

झालं. हाजा सगळं सांगायची आणि ही अर्धं टिपायची. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिलेत. इथे घरचंच ताक आणि लपवालपवीही घरातच. पण आकडा वाढू लागला. वीस झाले, पस्तीस झाले, गुरुवारी दुपारी ब्याण्णव. आणखी आठ हवे होते.

तेवढ्यात स्वीडनहून एक प्रश्न आला. सुहैल नावाच्या माणसाने लिहिला होता. त्याच्या मुलाच्या गाडीखाली एका गाववाल्याच्या पोराचा पाय मोडला होता. चार महिने मध्यस्थी झाल्यावर त्या पोराचे वडील आणि आजोबा आज पहिल्यांदा त्याच्या घरी जेवायला यायचे होते. ते त्याच्या घरचं मन्सफ, म्हणजे जमीदच्या कढात शिजवलेलं मटण आणि भात, जेवले की वैर मिटलं. बायको वारलेली, त्यामुळे स्वयंपाक त्याचाच. जमीदचा कढ दोनदा फुटला होता आणि आता एकच गोळा उरला होता. खाली त्याने फोन नंबरही दिला होता.

हाजा ताठ बसली. "त्याला सांग, भांडं आधी खाली उतरव. मग गार कढात अंड्याचा पांढरा बलक आणि चमचाभर पीठ घुसळ, गाळून पुन्हा चढव, आणि उकळी येईपर्यंत एकाच दिशेने ढवळ. झाकण ठेवू नको म्हणावं, मेला झाकण ठेवत असणार."

रुदैनाने लिहिलं, भांडं आधी खाली उतरवा. पुढची कृती इथे आहे. आणि लिंक लावली.

पाच मिनिटांनी त्याचं आलं, बहिणी, पान उघडत नाही. रुदैनाने साईटवर गच्चीचे मोठाले फोटो टाकले होते, तिथेच पान अडकत असावं. ती लिहायला बसली, तेवढ्यात आकडा त्र्याण्णव झाला. मग चौऱ्याण्णव. येतायत तर येऊ देत दोन मिनिटं, असं म्हणून ती गोळे उलटवायला गच्चीवर गेली. देवाशपथ, दोनच मिनिटं म्हणाली होती. खाली आली तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि फोनवर शंभर होते.

ते तिने नायेलला नाचून दाखवले. मग सुहैलला सगळी कृती लिहिली. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी व्यापारी आला, गादीवर टेकला. नायेलने शब्द पाळला आणि माल द्यायचा नाही म्हणून सांगितलं. व्यापारी भाव वाढवत राहिला. आत रुदैनाने कालचे शंभर कुठले कुठले ते बघायला यादी उघडली. शेवटचे आठही स्वीडनच्या एकाच गावातले होते. आठ माणसं नव्हेत, एकच माणूस पुन्हा पुन्हा दार ढकलत होता. आणि प्रश्नाखाली आता दोन ओळी होत्या. राहू द्या, शेवटचाही फुटला. दुकानातली कोंबडी आणून मांडली, तर आजोबा म्हणाले, आमची एवढीच किंमत का, आणि उठून गेले.

कुणाला कळणार नव्हतं. हाजाला वाचता येत नव्हतं आणि नायेल खूश होता. पण तिला ते गिळता येईना. ती बैठकीत गेली आणि सगळ्यांदेखत हाजाला सगळं सांगून टाकलं.

हाजा म्हणाली, "मी सांगितलेलं तू अर्धं ठेवून घेतलंस?"

"हो, आत्याबाई. नावासाठी केलं. तुमच्या नावासाठी."

"मग नाव त्याच्याकडूनच सोडवून आण."

आमच्याकडे मागणं घेऊन गेलेला माणूस पुढ्यात आलेली कॉफी खाली ठेवतो आणि यजमान पी म्हणेपर्यंत तिला शिवत नाही. असं मागणं घेऊन पुरुषांनीच जायचं असतं. हाजाला हे सांगणार कोण? तिने कॉफीची छोटी वाटी भरून रुदैनापुढे ठेवली आणि फोन लावायला सांगितला. व्यापाऱ्याला म्हणाली, "तू बस. त्याने पी म्हटलं नाही, तर सगळा माल तुझ्या पिशवीत जाईल. असल्या करणीवर माझं नाव नको."

सुहैलने फोन उचलला. रुदैनाने नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं, ते आठ प्रयत्नही सांगितले. "भाऊ, कॉफी पुढ्यात आहे. तुम्ही म्हणाल तेव्हाच पिईन."

तो म्हणाला, "कॉफीचं मागाहून. मी आजोबांच्या हातापाया पडून आलोय, रविवारी पुन्हा येतो म्हणालेत. पुढचं काय होतं ते सांग. पण जमीद संपला माझा."

रुदैनाने हाजाकडे बघितलं. हाजा म्हणाली, "दह्याचं सांग त्याला."

मग रुदैनाने नुसतं दही बांधून, त्यात जास्त मीठ घालून, अंडं आणि पीठ घुसळून जमीदवाचून कसं भागवायचं ते सांगितलं. व्यापारी कळवळून म्हणाला, अहो, हे बाहेर गेलं तर जमीद घेणार कोण? कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. कढ कधी उतरवायचा, झाकण का ठेवायचं नाही, उकळीआधी वास कसा बदलतो, काही म्हणजे काही तिने राखलं नाही. सुहैल मधेमधे, थांब, लिहून घेतो, म्हणत होता.

सांगून झालं. पलीकडे तो लिहिलेलं पुटपुटत वाचून बघत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"सगळं आहे ना यात?" त्याने विचारलं.

"सगळं आहे."

"पी मग, बहिणी."

कॉफी केव्हाच गार झाली होती. तिने ती गाळासकट पिऊन टाकली आणि मग तिला रडू फुटलं.