मुक्ताबाईंच्या उशाची कोथिंबिरीची पेटी

मी थकलेय, म्हणून जरा सावकाश बोलतेय. मी एक प्लास्टिकची पेटी. हातभर लांब, वीतभर रुंद, वर दोन खांबांवर दिव्यांची पट्टी. घरातल्या घरात कोथिंबीर, पुदिना उगवावा म्हणून मला केलं. राहायला शहरातल्या छावणी भागात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. आमच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, ऊन म्हणून आत येत नाही.

मला घडवलं इंद्रजीतनं. तो वाळूजच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे तयार करतो. त्याची आई मुक्ताबाई अजिंठ्याजवळच्या गावात जन्मभर शेतात राबलेली. गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर इंद्रजीतनं त्यांना इथं आणलं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून रोज चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल.

पण मुक्ताबाईंनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. उठायचं नाव नाही. जेवण दोन घास. कुणी काही विचारलं तर एकच उत्तर, "मला गावाकडं नेऊन घाल."

इंद्रजीतला वाटलं, गाव तर इथं आणता येत नाही, निदान मूठभर हिरवं आणू. एका रविवारी त्यानं पंख्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर माझं चित्र काढलं, मापं टाकली. मग पांढरी प्लास्टिकची शीट करवतीनं कापली, गरम हवा मारून वाकवली, कडा चिकटवल्या. वाकवताना मला चांगलाच चटका बसला. शेवटी माती भरली, धने पेरले, दिवा लावला आणि मला मुक्ताबाईंच्या उशाशी ठेवलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी पहिल्यांदा नापासच झाले. दिवा फार वर होता. कोंब उजेडाकडं धावत दोऱ्यासारखे बारीक वाढले आणि आडवे झाले. इंद्रजीतनं खांबांना भोकं पाडून दिवा खाली-वर करायची सोय केली, पुन्हा पेरलं. या वेळी पाणी साचलं. मातीचा चिखल झाला, वास सुटला.

तो माझ्यापुढं डोकं खाजवत बसला होता. तेवढ्यात भिंतीकडचं तोंड वळलं.

"कशाचा वास मारतोय रं?"

"पेटीत पाणी साचलंय, माय."

"बुडाला भोकं नाय पाडली?"

"राहिलीच."

"एवढ्या मोठ्या कारखान्यात जातो अन् पाण्याला वाट ठेवायचं कळंना तुला? अन् धने अख्खेच टाकले असतील. रगडायचे असतात ते. दोन फाका होऊ द्यायच्या, मग टाकायचे."

स्वयंपाकघरात मेघाच्या, म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या सूनबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. सासूबाई तीन आठवड्यांनी एवढं बोलल्या होत्या.

बुडाला भोकं पडली, खाली ताट आलं. धने मुक्ताबाईंनी पडल्या पडल्या स्वतःच्या तळव्यावर रगडले. नवव्या दिवशी कोंब वर आले. तेव्हापासून त्या माझ्याकडं तोंड करून झोपू लागल्या. पानांवरून बोट फिरवायच्या, हात लांबवून पेल्यानं पाणी घालायच्या. जेवण वाढलं. पण अंथरूण काही सुटेना. माझ्यामुळं त्यांना पडून राहणं सोपं झालं होतं, हे मलाही कळत होतं.

ते मेघानं ओळखलं. एका सकाळी तिनं मला उचललं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. पलंगापासून दहा पावलं.

"माझी पेटी तिकडं कशाला नेली गं?"

"इथलं बटण बिघडलंय, आत्या." साफ खोटं होतं ते. "मी शाळेत निघाले. पाण्याचं तुम्ही बघा."

त्या दिवशी मुक्ताबाई उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माझी माती सुकली आणि माझाच दिवा पानांना जाळू लागला. संध्याकाळपर्यंत सगळी कोथिंबीर मान टाकून पडली. इंद्रजीत तांब्या घेऊन पुढं आला.

"मी घालतो पाणी."

मेघानं त्याचा हात धरला. "ठेवा तो टेबलावर. थांबा जरा."

बराच वेळ गेला. मग वॉकरचा खट्ट आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा खट्ट. मधे मुक्ताबाई थांबल्या, कपाळावर घाम होता. इंद्रजीत पुढं सरसावला, पण मेघानं हात सोडला नाही. मुक्ताबाई टेबलाशी पोचल्या आणि तांब्या माझ्यात ओतला. निम्मं पाणी टेबलावर सांडलं.

"पोरी, तू लई आगाऊ हायस," त्या म्हणाल्या.

"व्हय, आत्या," मेघा म्हणाली आणि सांडलेलं पाणी पुसू लागली.

पुढं मी स्वयंपाकघरात गेले, मग दाराशी. मुक्ताबाई मागोमाग येत राहिल्या. चार महिन्यांनी कठडा धरून जिना उतरल्या आणि गावाकडं निघाल्या. इंद्रजीत म्हणाला, "माय, पेटी ने संगं."

"गावाकडं ऊन हाय की रं. तिथं ह्या बल्बाचं काय काम?"

खरंच होतं ते. तरी ऐकून वाईट वाटलं. त्यांनी माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि गेल्या.

याला दोन उन्हाळे झाले. माझं प्लास्टिक पिवळं पडलंय, तीन दिवे मिचमिचतात. ताटात स्कूटरच्या किल्ल्या आणि गोळ्यांचं पाकीट असतं. माती भेगाळलीय. पण वेळेवर चालू-बंद होण्यासाठी लावलेला टायमर कुणी काढला नाही. सकाळी सहाला मी आपोआप लागते, रात्री आठला विझते.

दर रविवारी मुक्ताबाईंचा फोन येतो. "पेटीत काय लावलं रं आता?"

"पुदिना, माय. लई छान आलाय," इंद्रजीत सांगतो. मेघा माझ्याकडं बघते आणि मान वळवते.

माझं त्या दोघांकडं एकच मागणं आहे. एकतर पुदिन्याच्या चार काड्या खोचा आणि ते बोलणं खरं करा. नाहीतर भिंतीवरचं बटण बंद करा. कोरड्या मातीवर उजेड पाडून मी खरंच थकलेय.