सार्जंटच्या अंगणातलं लगीन

"ह्या आंगणात एकतर तो पक्षी ऱ्हाईल, न्हाईतर मी ऱ्हाईन. काय ते ठरीव, अर्नी."

डल्सी हॅनफर्ड हे म्हणाली तेव्हा मी कुंपणापलीकडं चादरी वाळत घालत होते. ऐकायचं नव्हतं, पण आमच्या ह्या मॅली नावाच्या माळावर बोललेला शब्द कुठं अडत नाही. अडायला एखादा डोंगर तरी नको का. तिच्या कानामागून रक्ताचा बारीक ओघळ गळ्यापर्यंत आला होता. देवळात घालायची निळी टोपी तांबड्या धुळीत उलटी पडली होती. आणि वर पेपरकॉर्नच्या लोंबत्या फांदीवर सार्जंट गळा फुगवून गात होता, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात.

सार्जंट म्हणजे मॅगपाय. अंगावर काळं-पांढरं, चोच चांभाराच्या आरीसारखी. वर्षभर मधात बुडवल्यासारखा गाईल, पण बायको अंड्यावर बसली की त्याच्या अंगात येतं. दिसेल त्याच्या डोक्यावर झडप. सप्टेंबरात आमच्याकडं वसंत येतो, गव्हाला ओंब्या धरतात आणि माणसांच्या डोक्याला खोक पडते. पोरं लांबच्या रस्त्यानं शाळेला जातात, पोस्टमन पत्रं कोपऱ्यावरच्या दुकानात टाकून मोकळा होतो. कुणी तक्रार करत नाही.

"त्यो मला वळखतो, डल्सी," अर्नी टकवेल काकुळतीला आला होता. "मी सांगतो त्याला."

"सांग की. कंच्या भाषेत सांगनार?"

"गातो बघ तरी कसा."

डल्सी देवळात बाजाची पेटी वाजवते. सुराला ती नावं ठेवणार नाही. "सूर बरा हाय मेल्याचा," ती म्हणाली. "पन सुरी सोन्याची हाय म्हनून कुनी उरात खुपसून घेत न्हाई." टोपी झटकली आणि गेली.

दोघांचं लगीन पुढच्या शनिवारवर आलेलं, आणि ते ह्याच झाडाखाली लागायचं होतं. देवळात तिला नको होतं. "त्या दारानं मी एकदा नवरी हून भाईर पडले आन् एकदा रांडाव हून," ती मला म्हणाली होती. "तिसऱ्यांदा त्या पायऱ्या न्हाई उतरायच्या." तिचं म्हणणं मला पटलं होतं. देव काय देवळातच असतो असं थोडंच आहे.

माझा नवरा कॉलिन कुंपणावर रेलून म्हणाला, "गड्या, एक बार काढ आन् मोकळा हो. मॅगपाय मारायला बंदी हाय, पन कायद्याचं मी बघतो."

अर्नी धावत कुंपणापाशी आला. "ग्वेन गेल्यावर ह्या घरात पयलं गानं त्याचं ऐकलं, कॉलिन."

कॉलिननं कुंपणावरचे हात काढून घेतले.

ते खरंच होतं. अर्नीची पहिली बायको ग्वेन वारली आणि त्याला घर खायला उठलं. मग त्यानं नांगराची झिजलेली तबकडी एका खांबावर सुलटी करून बसवली आणि तिच्यात पाणी भरलं. दुष्काळी साल. पाण्यासारखं दुसरं आवतण नाही. सकाळी बघावं तर गुलाबी काकाकुवे काठावर भांडतायत, शेंडीवाली कबुतरं खाली रांगेत उभी, आणि इवल्या निळ्या रेन पाखरांची जोडी त्यांच्या पायांतून चोरटी आंघोळ करतेय. मग त्यानं सूर्यफुलाच्या बियांचं ताट मांडलं. सगळ्यांच्या शेवटी सार्जंट आला आणि यजमान असल्यासारखा मधोमध उभा राहिला.

त्याच सार्जंटनं त्या वसंतात अर्नीच्या टकलाचा एक लचका काढला. म्हणून अर्नीनं पुढच्या हिवाळ्यात गावची जुनी रीत धरली. वसंताच्या आधी मॅगपायला चारापाणी करून दोस्ती करायची. घास घालणारं माणूस तो जन्मात विसरत नाही म्हणतात. अर्नीनं घास घातला, पण घाबरत घाबरत. डोक्यावर पार डोळ्यांपर्यंत ओढलेला आइस्क्रीमचा रिकामा डबा, हनुवटीखाली रबरी पट्टा, आणि डब्याच्या मागच्या बाजूला काढलेले दोन बटबटीत डोळे. डोळ्याला डोळा भिडला की पक्षी बुजतो, असंही गावात म्हणतात.

"आरं, हिवाळ्यात तो काय करत न्हाई. काढ तो डबा," कॉलिन रोज सांगायचा.

"तुला टक्कल न्हाई. तुला काय ठावं?"

असा सगळा हिवाळा गेला. रोज सकाळी मी प्रार्थना आटपून चहाचं आधण ठेवायची तेव्हा पलीकडून शीळ ऐकू यायची, आणि खिडकीतून तो डबा धुक्यात हलताना दिसायचा. शेवटी शेवटी सार्जंट त्याच्या बोटातून खिमा उचलायला लागला. "दोस्ती झाली," अर्नी गावभर सांगत सुटला.

आता ती दोस्ती डल्सीला दाखवून द्यायची म्हणून त्यानं रविवारी तिला चहाला बोलावलं. अंगात सूट. उरलेल्या केसांना तेल. हातात वाटलच्या झाडाची पिवळी फुलं. बाई बघायला येणार म्हटल्यावर डोक्यावर डबा कोण घालेल? फाटकात डल्सी दिसली आणि हा स्वयंपाकघराच्या दारातून उघड्या टकलानं ऐटीत बाहेर पडला.

चारदोन पावलं टाकली असतील. वरून झपकन काळं-पांढरं काहीतरी आलं आणि टकलावर टक्क वाजलं.

"आरं, मी हाय, मी," अर्नी म्हणाला. शीळ घालून दाखवली.

टक्क.

"आरं गाढवा, मी अर्नी."

मग जे सुरू झालं ते काय सांगू. अर्नी पाण्याच्या टाकीभोवती पळतोय, वाटलची फुलं गदेसारखी फिरवतोय, पिवळा भुकटा उडतोय, मागनं सार्जंट. कपड्यांच्या दोरीखालून वाकून गेला तर दोरीतच अडकला, सुटला, आणि शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं आधी घालून शिरला. कोंबड्या किंचाळत बाहेर आल्या. मी नुकतीच देवळातून आले होते, अजून बायबल हातात होतं. तेच तोंडापुढं धरलं आणि मागं हसून घेतलं. कॉलिननं तर कुंपणच धरलं.

डल्सी आधी तोंडावर हात ठेवून उभी होती. मग तिचे खांदे गदागदा हलायला लागले, आणि ती चांगली कडक इस्त्रीची बाई फाटकातच खाली बसली. डोळे पुसत म्हणाली, "अर्नी, डबा घाल."

खुराड्यातून आवाज आला, "काय?"

"डबा, डबा. त्यानं तुझं थोबाड कवा बघितलंय? अख्खा हिवाळा घास तू घातलास, पन त्याची सोयरीक डब्याशी जुळलीया."

कॉलिननं व्हरांड्यातला डबा आणून खुराड्यात सरकवला. थोड्या वेळानं डबा बाहेर आला, डब्याखाली अर्नी, आणि अर्नीच्या गुडघ्यांना कोंबड्यांची घाण. सार्जंट खाली उतरला, तुरुतुरु चालत त्याच्या बुटापाशी आला आणि चोच वर करून खिमा मागायला लागला, लेकरासारखा.

"डल्सी," अर्नी हळूच म्हणाला, "तू घालून बघतीस का?"

"मी? मला मातीत ठेवशील तवा घाल."

ती उठली, स्कर्ट झटकत राहिली. झाडाकडं बघितलं. सार्जंटकडं बघितलं. अर्नीच्या डोक्यावरच्या डब्याकडं बराच वेळ बघितलं.

"कसला व्हता?" तिनं विचारलं.

"काय?"

"डब्यात. आइस्क्रीम."

"व्हॅनिला."

"मग आन."

निळी टोपी तिनं माझ्या हातात दिली, अर्नीला फाटकाबाहेर उभं केलं आणि डबा चढवला. अंगणाच्या मधोमध गेली. सार्जंटनं मान तिरकी करून तिच्याकडं बघितलं आणि तिच्या बोटातला खिमा असा अलगद उचलला की बोटाला कळलंही नसेल.  परत आली आणि डबा अर्नीच्या हातात ठेवला.

"शनिवारी ज्यानं त्यानं आपापला डबा घिऊन यायचं," ती म्हणाली. "तसं सांगा गावाला."

त्या आठवड्यात आमच्या गावानं पोटं दुखेस्तोवर आइस्क्रीम खाल्लं. दुकानातला माल संपला, मग शेजारच्या गावचाही संपला. बायकांनी डब्यांना लेस लावली, फिती लावल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी डब्यावर कागदी गुलाबांची बागच उठवली.

शनिवारी उत्तरेचा वारा सुटला होता. तांबडी धूळ केकवर बसू नये म्हणून आम्ही केकवरही डबा झाकला. पाद्रीबाबा मात्र म्हणाले, "माझ्या डोक्यावर देवाचा हात आहे." फाटकातून आत आले, एक टक्क खाल्ला, आणि मुकाट कॉलिनचा डबा मागून घेतला.

झाडाखाली नवरा-नवरी उभे राहिले. दोघांच्या डोक्यावर डबे, तिच्या डब्याला पांढरी जाळी.

"थांबा," डल्सी म्हणाली. "अर्नी, काढ तो."

"आत्ता?"

"सार्जंटनं केली डब्याशी सोयरीक, तेवढी बास. मला व्हय म्हनताना तुझं तोंड दिसाय पायजे."

अर्नीनं वर बघितलं. फांदीवर सार्जंट होताच.  पण अर्नीनं पट्टा सोडवला, डबा काढून छातीशी धरला आणि डोळे मिटले.

पंखांची शीळ आली. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या, पाद्रीबाबांनी सुद्धा. डल्सीनं नाही घातली. तिनं अर्नीचं टक्कल दोन्ही हातांनी धरून जवळ ओढलं आणि कोंबडी पिल्लावर पंख धरते तसा आपला डबा त्याच्यावर कलता केला. वरून झेपावलेला सार्जंट हवेतच थबकला, पंख पसरून गोंधळला, आणि खाडकन तिच्या डब्यावर बसला.

 वारा तेवढा वाहत होता. डब्याच्या सावलीत त्या दोघांची तोंडं इतकी जवळ होती की तिला त्याचं तोंड पाहिजे तेवढं दिसत असणार.

"डल्सी," पाद्रीबाबा कुजबुजले, "ह्या अर्नीला तू नवरा म्हणून पत्करतेस का?"

सार्जंटनं गळा फुगवला आणि तिच्या डोक्यावर उभा राहून गायला लागला. डल्सी थांबली. दुसऱ्याचा सूर मधेच तोडणारी ती नव्हे. त्याची तान संपली तेव्हा म्हणाली, "व्हय."

"माझंबी व्हय," खालून अर्नी म्हणाला.

"तू दिसत नाहीस, अर्नी," पाद्रीबाबा म्हणाले.

"ऐकू येतंय न्हवं?"

"पाद्रीबाबा," डल्सी मान न हलवता म्हणाली, "आटपा लवकर. हा जड हाय."